आम्ही सारवलेली शाळा

यंदा माणदेशातल्या आमच्या गावच्या शाळेत सहावी-सातवीला शिक्षक नाही. मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या निर्णयाप्रमाणे सहावी ते आठवीचा पट 20 च्या खाली गेला की त्या वर्गांना शिक्षकच मंजूर होत नाही. मुलांनी आता सहा किलोमीटरवरच्या गावी जायचं. मुलगे सायकलीवर जातील. मुलींचं काय होईल हे मला कुणी सांगायला नको. मी त्याच शाळेत शिकले आहे.

शाळा स्वातंत्र्याच्या आधीची. रयत शिक्षण संस्थेनं सातारा भागात खेडोपाडी व्हॉलंटरी शाळा काढल्या, त्यांतली ही. आधी मारुतीच्या देवळातल्या ओवरीत भरायची. पुढं ती स्कूल बोर्डाकडं गेली आणि 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर झेडपीची झाली. कोनशिला कुणाच्या हस्ते बसली, कोणते पुढारी येऊन भाषण करून गेले, ते भिंतीवर कोरलेलं आहे. ज्यांना हवं त्यांनी तिथं वाचावं.

मी पहिलीत बसले 1971 साली. वर्गातल्या बहुतेकांसारखी माझीही जन्मतारीख 1 जून. गुरुजींनीच ठरवून दिलेली. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. आयाबाया पहाटेच खडी फोडायला जायच्या. घरात मिलोच्या लाल भाकरी, कामावर सुकडी. धाकटी भावंडं सांभाळायला घरात कुणी नसायचं, म्हणून आम्ही पोरी त्यांना काखेला मारून शाळेत आणायचो. गुरुजी वर्गाच्या कोपऱ्यात गोणपाट अंथरून द्यायचे. तिथं पोरं झोपायची आणि आम्ही पावकी-निमकी म्हणायचो. टँकर आला की मधल्या सुट्टीत घागरी घेऊन पळायचं, घरात पाणी ओतायचं आणि परत येऊन बस्करपट्टीवर बसायचं. दुष्काळात आमची शाळा सुटली नाही, कारण शाळा हाकेच्या अंतरावर होती. ती वेशीबाहेर असती तर आमच्यातली एकही पोर चौथीच्या पुढं गेली नसती.

शनिवारी सकाळची शाळा. मुलगे पटांगणात लेझीम खेळायचे आणि आम्ही जमीन सारवायचो. शेण आणि पांढरी माती कालवून आतल्या भिंतीपासून सुरुवात करायची, हाताचा पंजा अर्धगोल फिरवत उकिडवं मागं मागं सरकत उंबऱ्यापर्यंत यायचं. पाय उमटला तर तेवढी जागा पुन्हा. त्या काळच्या एका मुख्याध्यापकांनी आमच्याकडून स्वतःच्या घरचं पाणीसुद्धा भरून घेतलं आणि पालकसभेत मुलींना अभ्यासात गती नसते असं सांगितलं. आज पन्नास वर्षांनीही त्याचा राग गेलेला नाही.

दलित वस्तीतल्या मुलींना मात्र सारवायलाही आत घेत नव्हते. त्या दाराशी बसायच्या, पाणी त्यांच्या ओंजळीत वरून ओतलं जायचं. मी चौथीत असताना एक तरुण गुरुजी बदलून आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्या मुलींना पुढच्या पट्टीवर आणून बसवलं. गावातली चार वजनदार माणसं जाब विचारायला आली. गुरुजींनी त्यांना हजेरीपट दाखवला आणि म्हणाले, यात नावं ज्या ओळीनं आहेत त्याच ओळीनं मुलं बसतील. एवढं बोलून त्यांनी फळ्याकडं तोंड केलं. गावानं कुरकुर केली, पण पोरी पुढंच बसल्या. त्यांतल्या एकीइतकं वळणदार अक्षर मी नंतर कॉलेजातही पाहिलं नाही.

1978 ला सातवी संपली. हायस्कूल चार मैलांवर, मधे ओढा आणि सुनसान माळ. मुलगे गेले. मुलींतली मी एकटी पुढं शिकले, तीही तालुक्याला मामाच्या घरी राहून. अडीचकी माझ्या आधी म्हणून दाखवणारी, सुंदर अक्षराची, सगळ्या घरी बसल्या आणि दोन-तीन वर्षांत त्यांची लग्नं झाली. त्यांना शिकू नका असं घरच्यांपैकी कुणी म्हणालं नव्हतं. चार मैल पोरीला एकटं पाठवायचं कसं, एवढाच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर कुणाकडंच नव्हतं.

नंतरची वर्षं मी सुट्टीत येताजाता पाहिली. खडू-फळा योजना आली, कौलं जाऊन स्लॅब पडला, 2000 पासून पहिलीला इंग्रजी सुरू झालं, खिचडी शिजू लागली. मग इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाड्या गावात शिरल्या. ज्यांच्या शेताला पाणी आलं, ज्यांच्या घरात नोकरी आली, त्यांनी आपापली पोरं त्या गाड्यांत बसवली. शाळेतल्या गुरुजींची पोरंही त्यांतच. उरली ऊसतोडीला आणि मेंढरांमागं जाणाऱ्यांची पोरं. त्यांच्या आईबापांचा आवाज तालुक्यापर्यंत पोचत नाही, म्हणून पट मोजून वर्ग बंद करणं इतकं सोपं जातं.

2023 मध्ये सरकारनं पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं देऊन समूह शाळांची, म्हणजे लहान शाळा एकत्र करायची, योजना पुढं आणली. मुलांना गाडी देऊ म्हणाले. पण गाडीचा भरवसा काय? 2021 च्या दिवाळीपासून पुढं एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा माणदेशातल्या पोरींचे मोफत पास दप्तरातच राहिले होते. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आणि आठवीपर्यंतची 3 किलोमीटरच्या आत हवी असं ठरलेलं आहे. सहा किलोमीटर त्यात कुठं बसतात? त्याच 2023 साली कुणबी नोंदी शोधायला गावोगावच्या जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं बाहेर काढली गेली. शाळेचा कागद सरकारला महत्त्वाचा वाटतो, मग त्या शाळेत आज नाव घालणारी पोर का नाही वाटत?

15 ऑगस्टच्या ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा भरते. त्यात माझी भावजय ठराव मांडणार आहे: सहावी-सातवी गावातच भरावी, आणि शिक्षक मिळेपर्यंत एकाही मुलीचा दाखला काढला जाऊ नये. ठरावाचा कागद मीच लिहून दिला आहे. आता गावातल्या प्रत्येक बाईची त्यावर सही हवी.