फुकटचा तंबोरा
तारा आणि वायरी : भाग ६

ॲम्प सुरू झाला, गिटारवादकाने अजून तारेला हातही लावलेला नाही, आणि तरी स्पीकरमधून एक स्वर लागलेला आहे. खर्जातला, अखंड, कोणी न मागितलेला. हार्मोनियमवर शोधायला गेले तर तो पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधल्या फटीत सापडतो. गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसरा पडदा दाबून वाजवले, तर तारेचा स्वर ९८ हर्ट्झचा आणि या घुमण्याचा १०० हर्ट्झचा. दोन्ही एकमेकांवर घासून सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. तंबोरा जवारीवर लावावा लागतो. हा फुकटचा तंबोरा आपोआप लागतो, आणि नेमका बेसूर लागतो.

मागच्या भागात पिकअपची गोष्ट झाली. या आठवड्यात पायाखालच्या डब्यांची, म्हणजे पेडलांची, आणि त्याहून जास्त त्यांना वीज पुरवणाऱ्या वायरींची.

त्यासाठी लवासा ही जागा सोयीची आहे. चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, मुठा करत टेमघर धरणाच्या अंगाने घाट चढला की वरसगावच्या जलाशयाकाठी दासवे येते आणि इटलीतल्या पोर्तोफिनोची आठवण काढत रंगवलेल्या इमारतींची रांग दिसते. हॉटेले आहेत, सभागृहे आहेत, ख्राइस्ट विद्यापीठाचा परिसर आहे. म्हणजे लग्नाचा संगीत सोहळा, कंपनीची सहल, कॉलेजचा महोत्सव यांना तोटा नाही. अशा ठिकाणी वाजवायला येणाऱ्या बँडचे चित्र ठरलेले असते. पुण्यातल्या खोलीत रात्रभर सराव करताना चूप असलेला पेडलबोर्ड इथे मांडला की गुणगुणू लागतो. वाद्य तेच, केबल त्याच, बोटे तीच. बदलली ती फक्त जागा आणि भिंतीतले बटण.

आणि वीज म्हटली की लवासाच्या मुळशी तालुक्याचे नाते जुने. टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. धरण झालेच. मुळेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवले गेले आणि १९२७ पासून घाटाखालच्या भिऱ्याला त्यावर मुंबईसाठी वीज तयार होऊ लागली. आज भिऱ्याची जनित्रे आणि देशातली बाकी सगळी एका ठेक्यात फिरतात. दक्षिणेची ग्रीड उरलेल्या देशाशी एका तालावर जोडली गेली ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर–सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने. त्या दिवसापासून काश्मीर ते कन्याकुमारी ॲम्प घुमतो तो एकाच पट्टीत. त्याआधी मागणी वाढली की वारंवारता घसरायची. ती ४९ वर आली की घुमणे बरोबर ९८ हर्ट्झवर, म्हणजे पांढरी पाचवर, चोख सुरात बसायचे. भारनियमनाच्या दिवसांचा हा एक उपकार कोणी नोंदवलेला दिसत नाही.

भिंतीतली वीज ५० हर्ट्झची, मग स्पीकरमध्ये १०० कुठून आले? ॲडॉप्टरच्या पोटात उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेला वळवली जाते. खाली जाणारी प्रत्येक लाट उचलून वर ठेवली जाते, त्यामुळे सेकंदाला पन्नास लाटांच्या जागी शंभर उंचवटे तयार होतात. मोठा कपॅसिटर या उंचवट्यांमधले खळगे भरून सपाट करतो. स्वस्त किंवा म्हाताऱ्या ॲडॉप्टरमध्ये तो पुरा पडत नाही आणि उरलेली लहर पेडलमध्ये शिरते. त्यामुळे कान हेच पहिले यंत्र. १०० हर्ट्झची जाडसर भुणभुण असेल तर संशय वीजपुरवठ्यावर. ५० हर्ट्झची खोल, मऊ घूं असेल तर बहुतेक वेळा गिटारचा पिकअप जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र पकडत असतो. खात्री करायची असेल तर खुर्चीत बसूनच गिटारसकट गोल फिरावे. आवाज कमी-जास्त झाला तर पेडलांना दोष देऊ नये. आणि दिव्यांचे डिमर सुरू झाल्यावर येणारी करकरीत कुरकुर ही तिसरीच जात.

दुसरी तपासणी याहून सोपी आहे. संशयित पेडलची वायर काढून त्यात ९ व्होल्टची बॅटरी घालायची. आवाज गेला तर पेडल निर्दोष.

फझ पेडल जन्मले तेच मुळी बॅटरीवर. १९६२ सालचा माएस्ट्रो फझ-टोन, ज्याने १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ला तो फाटका आवाज दिला, दीड-दीड व्होल्टच्या दोन सेलवर चालायचा. पुढे ट्रान्झिस्टर रेडिओतली चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी रुळली. बॅटरी कोणाशीच जोडलेली नसते. तिचा भिंतीशी, शेजारच्या पेडलशी काही संबंध नसतो. ती स्वतःपुरती एक बेट असते. घुमण्याचा सगळा इलाज या एका गोष्टीत दडलेला आहे, आणि महागड्या पॉवर सप्लायच्या पेट्या विकणारे प्रत्यक्षात हेच बेट परत विकत असतात.

पण बॅटरी संपते. साधे डिस्टॉर्शन पेडल काही मिलिअँपिअरवर चालते. आपल्याकडची कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी साधी कार्बन-झिंक बॅटरीही त्याला कितीतरी दिवस पुरते, फक्त वाजवून झाल्यावर इनपुटची केबल उपटून ठेवायला हवी. (त्या जॅकमध्येच बॅटरीचा स्विच असतो, आणि हे माहीत नसल्यामुळे महाराष्ट्रात किती बॅटऱ्या रात्रीत मेल्या असतील देव जाणे.) स्ट्रायमनच्या बिगस्काय या डिजिटल रिव्हर्बला मात्र ३०० मिलिअँपिअर लागतात. ९ व्होल्टची बॅटरी त्याच्यापुढे म्हणजे हत्तीपुढे चुरमुरे.

म्हणून ॲडॉप्टर आले, आणि त्यांच्याबरोबर उलटी पिन. १९७७ मध्ये जपानच्या बॉसने आपली छोटी पेडले आणली आणि पुढे बाजारभर जी प्रथा पडली ती मध्यभागी ऋण, बाहेर धन. घरातल्या बहुतेक उपकरणांच्या नेमके विरुद्ध. या उलटेपणाला कारण आहे. ॲडॉप्टरची पिन खोचताच आतली बॅटरी आपोआप सुटली पाहिजे. स्वस्त जॅकमध्ये असा सुटणारा पत्रा बाहेरच्या कड्यापाशी असतो. बॅटरीची ऋण बाजू इनपुट जॅकने आधीच ताब्यात घेतलेली, तेव्हा सोडवायला उरते ती धन बाजू. ती बाहेर गेली, ऋण मध्ये आले. हे माहीत नसलेला भाऊ घरातला वायफाय राउटरचा ९ व्होल्टचा ॲडॉप्टर ‘नऊ म्हणजे नऊ’ म्हणून खोचतो. राउटरचा मध्य धन असतो. मग पेडलमधला संरक्षक डायोड, असलाच तर, मालकाच्या चुकीची शिक्षा स्वतः भोगतो.

अँपिअरच्या आकड्याची भीती मात्र उगाच. २ अँपिअरचा ॲडॉप्टर ५ मिलिअँपिअरच्या पेडलमध्ये जबरदस्तीने वीज कोंबत नाही. पेडल हवी तेवढीच घेते. चुकायचे नाही ते व्होल्टमध्ये आणि पिनच्या दिशेत. उलट अँपिअर कमी पडले तर डिजिटल पेडल मध्येच दम टाकते, पुन्हा सुरू होते, चरचरते.

आता खरा गुन्हेगार. एका ॲडॉप्टरमधून निघून पाच-सहा पेडलांना लागोपाठ पिना देणारी माळ, जिला सगळे डेझी चेन म्हणतात. स्वस्त, सुटसुटीत, आणि फक्त साधी ॲनालॉग पेडले असली तर बहुधा निमूटही. तिच्यात एक डिजिटल डिले घातला की चाळीचा सामाईक नळ सुरू होतो. तळमजल्यावर कोणी बादली लावली की तिसऱ्या मजल्यावरची धार बारीक होते, तसेच. डिजिटल पेडल वीज संथपणे पीत नाही, घोट घोट पिते. प्रत्येक घोटाला सामाईक ऋण वायरीत किंचित दाब उभा राहतो आणि शेजारचे डिस्टॉर्शन त्यालाच गिटारचा स्वर समजते. डिस्टॉर्शनचे कामच आलेला आवाज शंभर पट, कधी त्याहूनही जास्त फुगवणे. मिलिव्होल्टचा अंश असलेली कुजबुज मग किंकाळी होऊन बाहेर पडते. डिलेवर ताल दाखवणारा बारीक दिवा लुकलुकतो आणि त्याच्याबरोबर स्पीकरमध्ये ‘टक्, टक्’ होते. ऐकणाऱ्याला वाटते ड्रमवाला काड्या आपटतोय.

याच माळेचा दुसरा दोष म्हणजे ग्राउंड लूप. दोन पेडले सिग्नलच्या केबलच्या जाळीने एकमेकांना जोडलेली असतातच. वीज देणारी ऋण वायर त्यांना दुसऱ्यांदा जोडते. दोन जोडण्या म्हणजे एक पूर्ण कडे, आणि तारेचे कडे म्हणजे एका वेढ्याची कॉइल. आसपासचा कुठलाही ट्रान्सफॉर्मर तिच्यात ५० हर्ट्झ भरायला तयारच असतो. पुण्यातल्या खोलीत तो नव्हता, लवासातल्या सभागृहात स्टेजमागे डिमरची पेटी आणि चार ॲम्प आहेत, एवढाच फरक.

आयसोलेटेड पॉवर सप्लाय हे दोन्ही दोष एका फटक्यात काढतो. व्हूडू लॅबच्या पेडल पॉवर २ प्लससारख्या पेटीत एकाच गोल ट्रान्सफॉर्मरवर आठ आउटपुटांसाठी वेगवेगळे वेढे असतात. आठही आउटपुट तांब्याच्या तारेने एकमेकांना कुठेच शिवत नाहीत. पेडलांची ओळख मग फक्त सिग्नलच्या केबलमधून, मागच्या दाराने नाही. मात्र बाजारात ‘आयसोलेटेड’ असे छापलेल्या पुष्कळ स्वस्त पेट्या खोटे बोलतात. मल्टीमीटर रेझिस्टन्सवर ठेवून, वीज बंद असताना, दोन आउटपुटांच्या ऋण पिनांना लावावा. जवळजवळ शून्य दाखवले तर ती डेझी चेनच, फक्त डब्यात घातलेली. आणि पेटी खरी असली तरी ट्रान्सफॉर्मर असलेली पेटी वा-वा पेडलखाली बसवू नये. वा-वामधली कॉइल तिचेच घुमणे उचलते, आणि आठ तास शोधूनही सापडत नाही.

सगळ्यांना अशी पेटी परवडतेच असे नाही. पुण्यात तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, चहाच्या पैशांत एक उपाय मिळतो : १०० ओहमचा रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. रेझिस्टर धन वायरीच्या वाटेत, कपॅसिटर त्याच्या पुढे धन-ऋणाच्या मध्ये. ही जोडी १६ हर्ट्झच्या वरचे सगळे दाबू लागते. १०० हर्ट्झची लहर सहा पटींनी कमी होते, १० किलोहर्ट्झची शिट्टी सहाशे पटींनी. ५ मिलिअँपिअर घेणाऱ्या पेडलला त्यासाठी अर्धा व्होल्ट गमवावा लागतो, ज्याचा पत्ताही लागत नाही. पण हेच ५० मिलिअँपिअरच्या डिजिटल पेडलला लावले तर ९ पैकी ५ व्होल्ट वाटेतच गळतात आणि पेडल डोळे मिटते. तेव्हा हा काढा गरीब ॲनालॉग पेडलांसाठीच. मुंबईत अॅनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन स्वतःची फझ आणि डिस्टॉर्शन पेडले बनवून देशाबाहेरही विकते. भरपूर गेन असलेल्या अशा पेडलांच्या तोंडाशी येणारी वीज जितकी स्वच्छ तितके बरे.

आणि एक उपाय जो कधीही करू नये. घुमणे थांबत नाही म्हटल्यावर कोणीतरी जाणता पुढे होतो, ॲम्पच्या थ्री-पिनची वरची जाड पिन काढतो किंवा टू-पिनच्या कन्व्हर्टरमध्ये ती चुकवतो. कडे तुटते, आवाज जातो, टाळ्या पडतात. पण गिटारच्या तारा ब्रिजमार्गे त्याच अर्थिंगला जोडलेल्या असतात. ॲम्पमध्ये काही बिघडले तर तारांना २३० व्होल्ट येतात आणि त्यांना जमिनीत जायला एकच वाट उरते, वाजवणाऱ्याचे ओठ आणि समोरचा माईक. स्टोन द क्रोज या बँडचा स्कॉटिश गिटारवादक लेस्ली हार्वी ३ मे १९७२ रोजी स्वान्सीच्या स्टेजवर असाच गेला. अर्थिंग नीट नव्हते आणि त्याने माईकला हात लावला. सह्याद्रीत तर अर्थिंग मुळातच अवघड. खाली काळा कातळ, वर थोडी माती. ज्येष्ठात ती वाळली की कोळसा-मीठ घालून केलेला खड्डाही हट्टी होतो, म्हणून त्यात पाणी ओतायची जुनी रीत आहे. पावसाळ्यात ताम्हिणी-मुळशीच्या सरींनी ते काम आपोआप होते.

तोडायचे असेल तर कडे सिग्नलच्या बाजूला तोडावे. ॲम्प आणि मिक्सर यांच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स ठेवून त्यावरचा ‘ग्राउंड लिफ्ट’ दाबावा. आणि त्याहून आधी फुकटचे करून पाहावे : पेडलबोर्ड, ॲम्प आणि मिक्सर एकाच एक्स्टेंशन बोर्डवरून चालवावेत. तिघांची जमीन एकच झाली की भांडण बरेचसे तिथेच मिटते. लॅपटॉप वाजवणाऱ्याचा दोन पिनांचा चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालू द्यावा.

एवढे करून दासव्याच्या सभागृहात शांतता झाली, साउंड चेक संपला, आणि वीज गेली तर? मागच्या अंगणात जनरेटर सुरू होतो. त्याचे इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्या घेईल तेव्हा ५० हर्ट्झ मिळतात. पण हॉल अर्धा रिकामा, एसी बंद, भार हलका, तर साधा गव्हर्नर असलेले इंजिन थोडे जास्त पळते आणि वारंवारता ५२ पर्यंत चढते. शंभराचे एकशे चार होतात. तंबोरा राहिलाच असेल कुठे बारीक, तर आता तो बरोबर काळी चारला लागलेला असतो.

पुढच्या आठवड्यात : केबल किती लांब चालते, आणि लांबली की आवाजाची चमक कुठे जाते.