झाडीपट्टीच्या संगीत नाटकांचीं हस्तपत्रकें व त्यांचा कालनिर्णय

मराठी नाटकांची मोजदाद आजवर बहुधा छापील पुस्तकांवरून होत आली आहे. कै. शंकर गणेश दाते यांनीं एकहातीं सिद्ध केलेल्या 'मराठी ग्रंथसूची'च्या दोन भागांत (१९४४ व १९६१) १८०० पासून १९५० पर्यंतचे मुद्रित ग्रंथ नोंदले आहेत, आणि नाटकांच्या अभ्यासकास तिच्यावांचून पाऊल टाकतां येत नाहीं. परंतु जें नाटक छापलेंच नाहीं, तें तींत येणार कोठून? चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील रंगभूमीचा प्रश्न नेमका हाच आहे. तेथील शेंकडों संगीत नाटकें वहींतून वहींत उतरलीं, गांवोगांव झालीं, आणि छापखान्यांत त्यांचें फक्त हस्तपत्रक गेलें. आम्हांस या पत्रकांचा नाद लागला त्याचें कारण एवढेंच.

या मुलखास, भंडारा-गोंदियाच्या भागासह, झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीनंतर धान घरांत येऊं लागलें कीं गांवोगांव मंडई भरते. दिवसा शंकरपट, रात्रीं नाटक, हा क्रम होळीच्या सुमारापर्यंत चालतो. खेळ रात्रीं उशिरां उभा राहतो तो पहांटेपर्यंत. मूळ परंपरा दंडारीची. स्त्रीपार्टहि पुरुषच करीत. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यास 'शाकुंतल' उभें केल्यावर पदें, पेटी आणि तबला यांचें जें वारें मराठी मुलखांत पसरलें, तें या झाडींतहि शिरलें, व मुंबई-पुण्याची नाटकमंडळी थकली तरी येथें थांबलें नाहीं. हल्लीं मंडळ्यांचें ठाणें वडसा (देसाईगंज) येथें आहे. गांवकरी तेथें जाऊन नाटक ठरवितात. या रंगभूमीचे नट श्री. परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां पुष्कळांस ती ठाऊक झाली.

जुन्या पोथीस पुष्पिका असते, तसें या नाटकास हस्तपत्रक असतें. गांव, निमित्त, नाटकाचें नांव, मंडळी, नटनटी, तिकिटाचे दर, छापखाना, इतकें त्यावर मिळतें. पुष्कळदां मिळत नाहीं तो सन. कागद त्या एका रात्रीपुरता, मग सन कोण घालतो? वार व तारीख मात्र असते. तेव्हां सन आंतल्या पुराव्यावरून काढावा लागतो.

पहिला पुरावा जिल्ह्याच्या नांवाचा. १९६४ पर्यंत जिल्ह्याचें सरकारी नांव चांदा, पुढें चंद्रपूर. गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजीं. यास्तव वडशाच्या पत्रकावर 'जि. गडचिरोली' असेल तर तें त्यापूर्वींचें नव्हे. उलट दिशेनें हें प्रमाण लंगडें आहे, कारण लोकांच्या तोंडीं जुनें नांव फार दिवस टिकतें. दुसरा पुरावा नाण्यांचा. दर आण्यांत असतील तर पत्रक १ एप्रिल १९५७ च्या आधींचें किंवा फार तर थोडें पुढचें. 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४ या सात वर्षांतलें असण्याचाच संभव अधिक. सहा आंकडी पिनकोड दिसला कीं १५ ऑगस्ट १९७२ ची मर्यादा लागते. शंकरपटाचा उल्लेखहि उपयोगी. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें ७ मे २०१४ पासून या शर्यती बंद होत्या व महाराष्ट्रांत त्यांस परवानगी मिळाली १६ डिसेंबर २०२१ रोजीं. मधल्या काळांत कोठेंच पट भरला नसेल असें मात्र छातीठोक म्हणवत नाहीं.

आतां वार आणि तारीख जुळवूं. समजा, पत्रकावर 'शुक्रवार ता. २६ जानेवारी, जि. गडचिरोली' एवढेंच आहे. १९८२ नंतर हा योग १९९०, १९९६, २००१, २००७, २०१८ व २०२४ असा सहा वेळां आला. निमित्त शंकरपटाचें असेल तर २०१८ बहुतेक गळतें. शेजारीं 'पौष वद्य अमावास्या' छापली असेल तर वादच मिटला. सहांपैकीं ती १९९० सालींच पडते. मोडी पत्रांच्या तारखा जंत्रीवरून ताडणाऱ्या वाचकांस यांत नवें कांहीं वाटणार नाहीं. तीच विद्या येथें लावावयाची, इतकेंच.

नटांच्या घरीं पदांच्या वह्या असतात, प्रॉम्प्टरजवळ संहितेचें बाड. यांत घोटाळा नांवांचा. एकच नाटक निराळ्या गांवीं निराळ्या नांवानें लागूं शकतें. म्हणून नांवावर विसंबून केलेली सूची दोन नाटकें एक करील किंवा एकाचीं तीन. आमच्या मतें पदारंभांची अकारविल्हे यादी हाच यावर खरा उपाय. अभंगांच्या बाडांस आपण तीच लावतों. पदाच्या डोक्यावर 'चाल' लिहिलेली असल्यास ती कधींहि गाळूं नये. चाल चित्रपटांतील गाण्याची असेल तर पद त्या चित्रपटानंतरचें, हें उघड आहे. संहितेवर सन नसतांना एवढाच धागा पुष्कळदां हातीं राहतो. सूचींत मुख्य नोंद पुस्तकाची न धरतां प्रयोगाची धरावी: गांव, रात्र, मंडळी. नाटकाचें नांव कागदावर असेल तसेंच, अशुद्ध असल्यास अशुद्धच, उतरावें. अनुमानानें काढलेला सन कंसांत ठेवावा आणि तो कशावरून काढला तें पुढें लिहावें.

आपल्या संग्राहकांत अजून एक समजूत आहे कीं मोडी नाहीं तो कागद जपण्याच्या लायकीचा नाहीं. वाळवीस हा भेद कळत नाहीं. पेटीवाल्याची वही त्याच्या मागें घरच्यांस रद्दीच वाटते, आणि ज्या नाटकाची प्रत छापली गेली नाहीं त्याचा तो बहुधा शेवटचा पुरावा असतो.

एक गोष्ट राहिली. पत्रकाची पाठ अवश्य पाहावी. कोरा कागद खेड्यांत वांया जात नाहीं. मागें धानाचा, मजुरीचा किंवा उसनवारीचा हिशेब लिहिलेला आढळला व त्यास तारीख असली, तर ती वेगळ्या रकान्यांत नोंदवावी. ती तारीख हिशेबाची होय, प्रयोगाची नव्हे. पण प्रयोग तिच्या आधींचा.