स्वस्तातले इअरबड्स : आधी कानाला विचारा

मोबाईलच्या दुकानातल्या काचेच्या कपाटातील त्या चपट्या डब्या आता आपल्या फैजपुरातही सर्वांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. झाकण उघडले की आत दोन लहान गोळे. वायर नाही, खोचायची पिन नाही; फोनशी ब्लूटूथने जोडायचे आणि कानात घालायचे. सहाशे रुपयांपासून दोन हजारांपर्यंत हव्या त्या रंगात ते मिळतात. "डॉक्टर, यातले कोणते घ्यावे?" हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात जितक्यांनी विचारला, तितक्यांनी रक्तदाबाच्या गोळीविषयीही विचारला नसेल. कंपन्यांची नावे घेऊन शिफारस करणे हे या सदराचे काम नव्हे. मात्र दुकानात उभे राहून काय पाहावे, हे डॉक्टरने सांगायला हरकत नाही. दुकानदार 'बास' किती जोरदार आहे ते सांगतो. कान कशाने जातो ते तो सांगत नाही.

मागे एक एकोणीस वर्षांचा विद्यार्थी वडिलांबरोबर दवाखान्यात आला होता. रात्री घरात सामसूम झाली की त्याच्या कानात रातकिडे ओरडत. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, कानात किडा-बिडा गेला असेल तर काढून टाका." कान तपासला तर स्वच्छ, पडदा शाबूत. श्रवणचाचणी करून घेतली तेव्हा आलेखाची रेघ ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात उतरलेली दिसली. मुलगा रोज एसटीने भुसावळला जाऊन-येऊन शिकत होता. जाता-येता बड्स कानात आणि फोनचा आवाज शेवटपर्यंत वाढवलेला. शिवाय रात्री अंथरुणात पुन्हा तेच. वडिलांना वाटत होते की ऐकू तर सगळे येते, मग बिघडले कुठे?

ते समजण्यासाठी कानाच्या आत थोडे डोकावावे लागेल. आवाजाने कानाचा पडदा थरथरतो. ती थरथर तीन इवल्याशा हाडांतून पुढे जाऊन गोगलगायीच्या शंखासारख्या एका नळीत पोहोचते. या नळीत द्रव असतो आणि एकेका कानात सुमारे १५,००० केशपेशी असतात. द्रव हलला की या पेशींवरची सूक्ष्म लव वाकते आणि मेंदूकडे संदेश जातो. मोठ्या आवाजाने ही लव फार वाकते. थोड्या वेळापुरते असेल तर ती पुन्हा उभी राहते. लग्नाच्या वरातीत डीजेजवळ नाचून आल्यावर कानाला दडा बसतो आणि दुसऱ्या दिवशी मोकळे वाटते, ते यामुळेच. असे वरचेवर होत राहिले तर मात्र पेशी मरते. आपल्याकडे वादळात केळी आडवी झाली तरी बुडाशी पील फुटते आणि पीलबाग उभी राहते. केशपेशींना पील नाही. गेली ती गेली. तिच्यासाठी अजून गोळी नाही आणि शस्त्रक्रियाही नाही.

यात फसवे असे आहे की आवाजाच्या माऱ्याने आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात आणि जाड आवाज शिल्लक राहतात. त्यामुळे माणसाला हाक ऐकू येते, मोटार ऐकू येते, मात्र बोलण्यातली 'स', 'श', 'फ', 'थ' ही अक्षरे पुसट होत जातात. समोरचा 'साठ' म्हणतो आणि याला 'आठ' ऐकू येते. केळीच्या भावाची बोली चालू असताना असा घोटाळा झाला तर काय होईल, हे रावेर-यावलच्या वाचकांना मी सांगायला नको. पुष्कळ माणसे या अवस्थेत "हल्ली लोक पुटपुटत बोलतात" अशी तक्रार करतात.

किती आवाज किती वेळ चालेल, याचा एक हिशेब जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिला आहे. प्रौढ माणसाला ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत चालतो. लहान मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबल धरली आहे. यापुढे आवाज दर ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्यात अवघे चार तास, ९५ ला सव्वा तास आणि १०० ला वीस मिनिटे. हे दिवसाचे नव्हे, संपूर्ण आठवड्याचे आकडे आहेत. स्वस्तातले काय आणि महागातले काय, बहुतेक बड्स पूर्ण आवाजावर १०० डेसिबलच्या आसपास किंवा पुढेही जाऊ शकतात. म्हणजे त्या विद्यार्थ्याची आठवड्याची शिधापत्रिका सोमवारी सकाळी बस भुसावळला पोहोचण्याआधीच संपत होती. आणि कान वेगवेगळी खाती ठेवत नाही. बड्स, डीजे, ट्रॅक्टर आणि पिठाची गिरणी या सगळ्यांचा आवाज एकाच खात्यातून वजा होतो.

आता प्रश्न असा की माणूस आवाज वाढवतो कशासाठी? हौसेने वाढवणारे थोडे. बहुतेक जण बाहेरच्या गोंगाटावर मात करण्यासाठी वाढवतात. म्हणूनच बड्सची परीक्षा दुकानाच्या शांत कोपऱ्यात होत नाही. ती एसटीत होते. मी ती करून पाहिली. भाच्याकडून आणि एका ओळखीच्या दुकानदाराकडून सहाशे, नऊशे आणि अठराशे रुपयांच्या तीन जोड्या मागून आणल्या, स्पिरिटने पुसल्या (दुसऱ्याच्या कानातली वस्तू आहे, हे विसरू नये) आणि फैजपूर-भुसावळ गाडीत खिडकीशी बसलो. ऐकायला बातम्या लावल्या, कारण गाणे अर्धे ऐकू आले तरी मन ते पूर्ण करून घेते. बातमी तशी कळत नाही.

माझ्या फोनवर आवाजाचे पंधरा टप्पे आहेत. घरात तिन्ही जोड्यांवर पाचव्या टप्प्याला बातम्या स्पष्ट कळत होत्या. बामणोदच्या पुढे गाडीने वेग घेतल्यावर सहाशेच्या जोडीला बारावा टप्पा लागला. ही जोडी कानाच्या तोंडाशी नुसती टेकते, तिला रबरी टोपी नसते. नऊशेच्या जोडीला टोपी होती, तरी दहावा टप्पा लागला. मग डबीच्या खोक्यात येणाऱ्या तीन मापांच्या टोप्यांपैकी मोठी चढवली आणि काय आश्चर्य, त्याच जोडीवर सातव्या टप्प्याला शब्द न् शब्द कळू लागला. अठराशेच्या जोडीत बाहेरचा आवाज दाबणारी सोय होती; तिच्यावर सहावा टप्पा पुरला. तापीचा पूल येईपर्यंत माझा निष्कर्ष झाला होता : नऊशे आणि अठराशे यांत फरक एका टप्प्याचा, पण योग्य आणि अयोग्य टोपी यांत फरक तीन टप्प्यांचा. आणि टोपी फुकट मिळते!

बहुतेक लोक त्या जादा टोप्या खोक्यासकट फेकून देतात. तसे करू नये. प्रत्येक माणसाच्या कानाची भोके निराळी असतात. पुष्कळांचा उजवा आणि डावा कानही एका मापाचा नसतो. नीट बसलेली टोपी बाहेरचा आवाज साधारण १५ ते २० डेसिबलने कमी करू शकते. बसली की नाही हे ओळखणे सोपे आहे. बड कानात घालून किंचित फिरवावा. स्वतःचे बोलणे घागरीत तोंड घालून बोलल्यासारखे वाटले आणि ढोलक भरदार ऐकू आला, तर टोपी बसली. ढोलक पोचट वाटला तर फट आहे. ही फट बुजवण्याऐवजी माणूस आवाज वाढवतो, तिथेच घात होतो. दुकानात बड्स कानात घालून पाहू देत नसतील तर निदान तीन मापांच्या टोप्या असलेलीच जोडी घ्यावी. बिनटोपीची जोडी घरात, शांत जागी वापरणाऱ्याला चालेल; रोज बसने जाणाऱ्याने ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खोक्यावरच्या अक्षरांचीही थोडी फोड करतो. 'एएनसी' आणि 'ईएनसी' ही दोन अक्षरत्रिके सख्ख्या भावंडांसारखी दिसतात, पण त्यांची कामे अगदी वेगळी. एएनसीमध्ये बडवरचा मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि आतून बरोबर उलट लहरी सोडून तो दाबतो. बसच्या इंजिनासारख्या एकसुरी घरघरीवर ते चांगले चालते. बोलण्यावर आणि हॉर्नवर कमी. ईएनसी मात्र तुमच्या कानासाठी नसतेच. तुम्ही फोनवर बोलताना पलीकडच्या माणसाला तुमच्याकडचा गोंगाट कमी ऐकू यावा, एवढाच तिचा उपयोग. स्वस्त खोक्यांवर हीच अक्षरे ठसठशीत छापलेली असतात आणि गिऱ्हाईक 'नॉइज कॅन्सलेशन' मिळाले असे समजून पैसे मोजते. दुकानदाराला नेमके विचारावे.

'४० तास चालते' म्हणजे डबीतून पुनःपुन्हा चार्ज करत एकूण ४० तास. एका बैठकीत त्याच्या कितीतरी कमी. 'आयपीएक्स ४' म्हणजे घामाने आणि शिंतोड्यांनी बिघडत नाही, बादलीत पडले तर हमी नाही. भारतीय मानक ब्युरोचे नोंदणीचिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक खोक्यावर आहे का, ते मात्र अवश्य पाहावे. हा क्रमांक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर पडताळता येतो. नामांकित कंपन्यांच्या हुबेहूब नकला रस्त्यावर तीनशे रुपयांत मिळतात. आत लिथियमची बॅटरी असलेली वस्तू कानात घालायची आहे, याचा विचार करून त्यापासून दूर राहिलेले बरे.

ब्लूटूथच्या लहरींनी मेंदूला इजा होते का, हेही बरेच जण विचारतात. ब्लूटूथची शक्ती काही मिलिवॅटची असते; कानाला लावलेल्या मोबाईलच्या मानाने ती फारच कमी. या भीतीने बड्स टाळण्याचे कारण नाही. लोक न दिसणाऱ्या लहरींना घाबरतात आणि ऐकू येणाऱ्या आवाजाला घाबरत नाहीत, याची मला नेहमी गंमत वाटते.

वापरताना फोनचा आवाज कमाल पातळीच्या ६० टक्क्यांपुढे नेऊ नये, असा सर्वमान्य सल्ला आहे. पण प्रत्येक जोडीची ताकद वेगळी असल्यामुळे ६० टक्क्यांचा अर्थ प्रत्येकीवर थोडा बदलतो. म्हणून मी रुग्णांना सांगतो की घरात शांततेत जो टप्पा पुरतो तो लक्षात ठेवा. बाहेर त्याच्यापेक्षा दोन टप्प्यांवर जावे लागले तर आवाज वाढवू नका, टोपी बदला किंवा ऐकणे थांबवा. बऱ्याच फोनमध्ये आवाज फार वाढवला की पडद्यावर इशारा येतो. तो बोटाने पुसून टाकण्यासाठी दिलेला नाही. तासाभराने दहा-पंधरा मिनिटे कान मोकळे ठेवावेत. बड्स कानात घालून झोपू नये.

टोपी घट्ट बसते याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्ग आपल्या गावातूनच जातो आणि त्यावर केळीचे ट्रक, उसाच्या ट्रॉल्या यांची वर्दळ असते. मोटारसायकलवर असताना किंवा रस्ता ओलांडताना दोन्ही बड्स काढून खिशात टाकावेत. एक कान मोकळा ठेवला म्हणजे भागते असे नाही, कारण आवाज कुठल्या दिशेने आला हे कळायला दोन्ही कान लागतात.

घरातल्या आजी-आजोबांना टीव्ही ऐकण्यासाठी मुले बड्स लावून देतात. माफक आवाजात हरकत नाही. पण साधे बड्स म्हणजे श्रवणयंत्र नव्हे. ज्यांना रोजचे बोलणेच कमी ऐकू येते, त्यांची आधी श्रवणचाचणी करावी. कानात सतत शिट्टी किंवा गुणगुण असेल, गर्दीत बोलणे कळत नसेल, तर तरुणांनीही ती करून घ्यावी. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर मात्र वाट पाहू नये. त्यावरचा उपचार पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

शेवटी स्वच्छतेचे. बड्समुळे कानात हवा खेळत नाही आणि मळ आत ढकलला जातो. पावसाळ्याच्या दमट दिवसांत अशा कानात बुरशी लवकर धरते. कान खाजतो, ठणकतो, आतून ओलसर वाटतो. अशा वेळी गरम तेल घालणे किंवा काडी फिरवणे हे दोन्ही उपाय बुरशीच्याच सोयीचे आहेत. रबरी टोप्या आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्याने धुवाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच पुन्हा चढवाव्यात. बडची जाळी कोरड्या मऊ ब्रशने झाडावी. जाळीत मळ साचला की आवाज कमी येतो आणि बोट पुन्हा वाढवण्याच्या खुणेकडे जाते. आंघोळीनंतर कान ओला असताना बड घालू नये. मित्रामित्रांत एकच जोडी फिरवू नये. ज्यांचा कान वाहतो किंवा पडद्याला छिद्र आहे, त्यांनी कानात बसणारे बड्स अजिबात वापरू नयेत. ऐकायचेच असेल तर फोनचा स्पीकर लावावा, किंवा कान कोरडा असताना बाहेरून टेकणारा हेडफोन घ्यावा.