अबोल वायूचा मध्यस्थ

आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात. पेटवले की जळतात. एरवी कुणाशी सहजी संयोग पावत नाहीत. म्हणूनच या कुळाला 'पॅराफिन' हे नाव पडले. लॅटिनमधून त्याचा अर्थ होतो, 'ओढ कमी असलेले'.

ब्युटेनचा भाऊ आयसोब्युटेन. अतितीव्र आम्ल त्याचा एक हायड्रोजन इलेक्ट्रॉनांसह काढून घेते आणि मागे धनभारित आयन उरतो. अशा आयनांवरील संशोधनासाठी जॉर्ज ओला यांना १९९४ चे नोबेल मिळाले. या आयनाला कार्बन मोनॉक्साइड चटकन बिलगतो. बंद खोलीत शेगडी धुमसत ठेवली की जीव घेतो, तोच हा वायू. पुढे पाणी मिळाले की पिव्हॅलिक आम्ल तयार होते.

अडचण आहे ती मध्यस्थाची. हायड्रोफ्लोरिक आम्ल काचसुद्धा खाते. २०१२ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी येथे त्याची गळती होऊन ५ जण दगावले. म्हणून सल्फेटयुक्त झिर्कोनिया, झिओलाइट अशी घनरूप आम्ले शास्त्रज्ञ वापरून पाहतात. ती सांडत नाहीत, गाळून वेगळी करता येतात. पण कार्बनची पुटे चढून ती थकतात. पुटे जाळून त्यांना पुन्हा कामाला लावावे लागते.

मध्यस्थ सापडला आहे. तो आता टिकायला हवा.