तेलाच्या ओघळांची भिंत

वाईचा आमचा वाडा उतरवायचं ठरलं, तेव्हा मी मोबाइल घेऊन अख्खी दुपार त्यात फिरले. ओसरी, चौक, माजघर, देवघर, वरची माडी. ४३० फोटो निघाले. पाऊल टाकायचं, फोटो काढायचा. आधीच्या फोटोतलं निम्म्याहून जास्त पुढच्यात आलं पाहिजे, एवढंच पथ्य.

त्या फोटोंतून आता संगणकावर वाडा उभा आहे. दिंडी दरवाजातून आत शिरता येतं, चौकात मान वर करून माडीचा कठडा बघता येतो.

आपले दोन डोळे एकच वस्तू जरा वेगळ्या जागांवरून बघतात, म्हणून जवळचं-लांबचं कळतं. सॉफ्टवेअरला हेच शेकडो डोळ्यांनी करायचं असतं, आणि ते डोळे कुठे होते हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून ते खुणा हेरतं: तुळईची गाठ, खुंटीचं टोक, फरशीचा टवका. तोच टवका सात फोटोंत सापडला, आणि अशा पुष्कळ खुणा जुळल्या, की सातही वेळा मी कुठे उभी होते आणि टवका कुठे आहे, दोन्ही भूमितीने निघतं. एवढं काम कोलमॅप नावाचं मोफत सॉफ्टवेअर करतं. पुढची रीत गॉसियन स्प्लॅटिंग. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २०२३ मध्ये मांडली. लाखो अर्धपारदर्शक रंगीत ठिपके अवकाशात मांडायचे आणि मूळ फोटोंशी ताडत ते सरकवायचे, ताणायचे, पुसट करायचे, चित्र जुळेपर्यंत.

फोटोवरून इमारत मोजायचा विचार जुना आहे. १८५८ साली जर्मनीत वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापं घेताना आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर वरून पडता पडता वाचले, आणि हे काम फोटोवरून करावं असं त्यांच्या मनात आलं. मला मात्र जास्त भावलं ते २००६ सालचं ‘फोटो टूरिझम’. नोआ स्नेव्हली, स्टीव्हन साइट्झ आणि रिचर्ड झेलिस्की यांनी अनोळखी प्रवाशांचे इंटरनेटवरचे फोटो जुळवून पॅरिसचं नोत्र दाम उभं केलं. त्यातून पुढे मायक्रोसॉफ्टचं फोटोसिंथ आलं. २००७ मध्ये त्याचं प्रात्यक्षिक दाखवताना नोत्र दामच्या एका पोस्टरचा फोटोसुद्धा आपल्या जागी बरोबर बसलेला दिसला!

आमच्या वाड्यात सगळ्यात सुंदर आली ती देवघराची भिंत. समईच्या तेलाचे ओघळ, काजळी, खिळ्यांची भोकं, कॅलेंडरमागचा फिका चौकोन. प्रत्येक डाग सॉफ्टवेअरला धरायला मिळाला. माडीवरची भिंत लग्नासाठी गुळगुळीत पांढरी रंगवली होती. तिथे धुकं आहे. तिच्यावर दोन फोटोंत ओळखता येईल असं काही नव्हतंच. तांब्याचा हंडाही बिघडला, कारण त्यातली चमक माझ्याबरोबर सरकत होती.

परवा काकूला दाखवलं. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून ती तिथेच राहिली. देवघरापाशी तिने मला बराच वेळ थांबवलं. मग म्हणाली, “चल ग, आता परसात ने.”

मागचं दार उघडं दिसत होतं, पलीकडे हिरवट पुंजके. त्या दुपारी मी परसात पाऊलही टाकलं नव्हतं. मी तसं सांगितलं. काकूने चष्मा सारखा केला आणि पडद्यावर बोट ठेवलं. “इथे बंब. त्याच्या उजवीकडे धुण्याचा दगड. आणि विहिरीकडे जाताना डाव्या हाताला जास्वंद.”