बस बंद, घराची धावपळ : न्यूयॉर्क, २०१३

• काळ : शाळेच्या बसचालकांचा संप, १६ जानेवारी ते १५ फेब्रुवारी. ऐन थंडीत, महिनाभर.

• मागणी : कंत्राटदार बदलला तरी जुन्या चालकांची आणि बसमधल्या मदतनिसांची नोकरी व सेवाज्येष्ठता टिकावी. ही हमी नव्या निविदांत नव्हती.

• फटका : सुमारे दीड लाख मुलांना. त्यांतली ५० हजारांहून अधिक अपंग किंवा विशेष गरजा असलेली.

• पर्याय : महापालिकेने मेट्रोचे पास दिले. स्वतःच्या गाडीने मूल सोडणाऱ्यांना मैलामागे ५५ सेंट मिळणार होते. टॅक्सीचे पैसे मात्र आधी खिशातून भरायचे, पावती जोडायची आणि परताव्याची वाट पाहायची.

• पालकांचे हाल : ज्यांना तासावर मजुरी मिळते, त्यांचा उशिराचा प्रत्येक तास पगारातून जातो. व्हीलचेअरवरच्या मुलाला फक्त जिने असलेल्या स्टेशनात पास काय उपयोगाचा?

• शेवट : हमी न मिळताच संप मागे घेतला गेला.

आपल्यासाठी : अशी वेळ आलीच, तर मुलांना मिळून सोडता यावे म्हणून एकाच थांब्यावरच्या चार पालकांचे फोन नंबर आजच लिहून ठेवा. आणि लक्षात ठेवा : चालकाची नोकरी सुरक्षित असेल, तरच आपली सकाळ सुरळीत राहील.