लाइपझिगहून: सोमवारची प्रार्थना



जर्मनी म्हणजे ख्रिस्ती देश, तिथल्या मंडळ्या कशा आहेत, असं आपल्या करंजाडेच्या मंडळीतले बरेच जण मला फोनवर विचारतात. इथल्या पगाराच्या स्लिपवर आयकराच्या खाली चर्चकराचा रकाना असतो. सभासद असाल तर आयकराच्या नऊ टक्के रक्कम, दक्षिणेतल्या दोन राज्यांत आठ टक्के, सरकारच कापून चर्चला पोचती करतं. प्रॉटेस्टंटांची डियाकोनी आणि कॅथलिकांची कारितास या संस्थांत मिळून दहा लाखांहून जास्त माणसं नोकरीला आहेत. इस्पितळं, वृद्धाश्रम, बालवाड्या, सगळं शिस्तीत चालतं. तरीही २०२२ या एका वर्षात पाच लाखांवर कॅथलिकांनी चर्चचं सभासदत्व सोडलं. मुलांवरच्या अत्याचारांची प्रकरणं बाहेर आली, त्याचा संताप त्यामागे आहेच. पण मला आणखी एक कारण दिसतं. कर आपोआप कापला जातो, सेवेला पगारी माणसं आहेत. मग बाकावर बसणाऱ्याच्या वाट्याला उरतं काय?

लाइपझिगचा इतिहास मात्र वेगळा. हा भाग कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत होता. चर्चला जाणाऱ्या घरातल्या मुलांना उच्च शिक्षणाचं दार बंद होऊ शकत होतं, मंडळ्या रोडावल्या होत्या. अशा काळात, १९८२ पासून, निकोलाय चर्चमध्ये दर सोमवारी संध्याकाळी शांतीसाठी प्रार्थना सुरू झाली. कधी कधी अगदी मोजकी माणसं असत. पाळक ख्रिस्तियान फ्युरर यांनी चर्च सर्वांसाठी खुलं असल्याची पाटी लावली आणि ती पाळली. देश सोडू पाहणारे, नद्यांच्या प्रदूषणावर बोलणारे, उभ्या जन्मात प्रार्थना न केलेले, सगळे आत आले. ९ ऑक्टोबर १९८९ ला सत्ताधारी पक्षाने आपले शेकडो कार्यकर्ते दुपारपासूनच बाकांवर आणून बसवले, तर फ्युररांनी त्यांचंही स्वागत केलं. त्या संध्याकाळी प्रार्थनेनंतर सुमारे सत्तर हजार लोक राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरले. गोळी चालली नाही. फ्युरर सांगत, मेणबत्ती एका हातात धरली की दुसऱ्या हाताचा आडोसा करावा लागतो, दगड उचलायला हातच उरत नाही. महिन्याभराने बर्लिनची भिंत पडली. पुढे इथले कारखाने बंद पडले, तेव्हा हेच पाळक बेकारांच्या बाजूने उभे राहिले. मला त्यांचं हे काम जास्त मोलाचं वाटतं, कारण तेव्हा जगाचे कॅमेरे निघून गेले होते.

चर्चबाहेरच्या माणसांसाठी उभं राहण्याची ही परंपरा आपल्या घरात, महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजातही आहे. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर १८८९ साली मराठीत पुस्तक लिहिलं आणि त्याच वर्षी मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात त्या प्रतिनिधी होत्या. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी प्लेग इस्पितळात बायकामुलींची जी दैना झाली, तिच्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून त्या गप्प राहिल्या नाहीत. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत उतरले ते विहिरींच्या पाण्यासाठी आणि हिरवाईसाठी. विहिरीला कुठला धर्म? पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

करंजाडेत आपण थोडे. रविवारची उपासना, मधल्या वारी कुणाच्या घरी प्रार्थना, नाताळात कॅरल, एवढ्यावर वर्ष सरतं. मदतीचा हात पुढे केला की धर्मांतराचा संशय येतो, म्हणून आपल्यातच राहावं, असं वडीलधारे म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. पण शेजारी आपल्याला ओळखतच नसतील तर तो संशय वाढणारच. जिन्यात रोज दिसणारा माणूस सोसायटीच्या सभेत तोंड उघडत नाही, पाण्यासाठी मोर्चा निघाला तर घरात बसतो, मग त्याच्याबद्दल कुणी काही सांगितलं तर खोडून कोण काढणार? पाणी आलं नाही तर आपलाही नळ कोरडाच असतो. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात बंदिवान करून नेलेल्या आपल्या लोकांना पत्र पाठवलं होतं, त्यात त्या परक्या शहराचं भलं पाहायला सांगितलं होतं. आपण तर परके नाही, इथलेच आहोत.

१५ ऑगस्टला ग्रामसभा असेल. तरुण संघातल्या दोघांनी पाण्याचा प्रश्न तारखांसकट लिहून न्यावा, महिला मंडळाने शेजारच्या बायकांनाही सोबत घ्यावं. सभेत काय ठरलं ते मला जरूर कळवा.